घर्षणाच्या उष्णतेची वांटणी

थंडीच्या दिवसांत तळहातावर तळहात घासून ऊब आणावी, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. घर्षणानें उष्णता उत्पन्न होते, हेंहि आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. परंतु घासणारे पदार्थ दोन आणि उष्णता एकच. तेव्हां ती कोणाच्या वांट्यास किती जाते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. दोन्ही तळहात सारखे, म्हणून तेथें वांटणीहि सारखी. पण एक पदार्थ लोखंडाचा व दुसरा लांकडाचा असेल तर? ह्या लेखांत आम्ही ह्याच प्रश्नाचा विचार करणार आहों.

प्रथम ही उष्णता येते कोठून तें पाहूं. म्युनिक येथील शस्त्रागारांत काउंट रम्फर्ड ह्यांनीं तोफेच्या धातूचा एक तुकडा पाण्यांत बुडविला आणि घोड्यांच्या बळानें तो बोथट पोलादी हत्यारावर फिरवीत ठेविला. अडीच तासांनीं तें पाणी विस्तवावांचून उकळूं लागलें! हा वृत्तांत त्यांनीं १७९८ सालीं प्रसिद्ध केला. पुढें जेम्स जूल ह्यांनीं किती श्रमापासून किती उष्णता होते, ह्याचें काटेकोर मोजमाप करून १८५० सालीं तें मांडलें. घर्षणांत खर्ची पडलेलें कार्य बहुतेक सर्व उष्णतेच्या रूपानें प्रगट होतें. जमेची रक्कम अशी ठरली, आतां वांटणी.

दोन पृष्ठभाग जेथें एकमेकांस खरोखर टेकतात, तेथें दोघांचें उष्णतामान एकच असतें असें धरून गणित मांडतात. हा विचार ब्लॉक ह्या डच शास्त्रज्ञांनीं १९३७ सालीं पुढें आणिला. ही समता टिकेल अशाच बेतानें उष्णतेची वांटणी होते. जो पदार्थ उष्णता चटकन् आंत ओढून घेतो, त्याचा पृष्ठभाग तापण्यास पुष्कळ उष्णता लागते. म्हणून त्याचा वांटा मोठा. जो तिला आंत शिरूं देत नाहीं, त्याचा पृष्ठभाग थोडक्या उष्णतेनेंच तापतो. म्हणून त्याचा वांटा लहान.

ह्याची प्रचीति घरींच घेतां येईल. पहांटे एकाच खोलींतील लोखंडी कांब व लांकडी खुर्ची ह्यांस हात लावून पाहा. दोहोंचें उष्णतामान एकच. तरी लोखंड अधिक गार लागतें, कारण तें हाताची उष्णता झपाट्यानें ओढतें. ही ओढण्याची शक्ति अंकांत सांगावयाची, तर पदार्थाची उष्णतावाहकता, घनता व विशिष्ट उष्णता ह्या तिहींचा गुणाकार करून त्याचें वर्गमूळ घ्यावें. रूढ परिमाणांत पोलादासाठीं हा अंक सुमारें १३,००० व सुक्या लांकडासाठीं सुमारें ४०० येतो. दोन्ही पदार्थ जाड, आरंभीं सारखेच थंड, व सर्व पृष्ठभागानें एकमेकांवर घासणारे असले, तर शंभर भागांपैकीं सुमारें सत्त्याण्णव भाग उष्णता पोलादाकडे व तीनच भाग लांकडाकडे जाते.

येथें एक शंका येईल. लांकडास इतकी थोडी उष्णता मिळते, तर तें करपतें कां? उत्तर वरच्या नियमांतच आहे. वांटा लहान असला तरी संपर्काच्या जागीं उष्णतामान दोघांचें तेंच. उष्णता किती मिळाली ही एक गोष्ट, आणि पदार्थ किती तापला ही दुसरी. ह्या दोहोंची गल्लत विद्यार्थ्यांनीं कधींहि करूं नये.

दुसरें कारण हालचालीचें. पितळेचें बटण बांकावर घासून शेजाऱ्याच्या मानेस लावण्याचा खेळ खोडकर मुलांस ठाऊक असतो. बटण चटका देतें. बांक मात्र फारसा तापलेला दिसत नाहीं. पितळ उष्णता अधिक ओढतें हें एक. शिवाय बटणाची तीच बाजू सारखी घासली जाते, तर बांकाच्या प्रत्येक जागेस मधून मधून विसांवा मिळतो व त्याचा वांटा लांबवर पसरतो. दोन्ही पदार्थ एकाच द्रव्याचे असले, तर ज्याचा ताजा, थंड पृष्ठभाग पुढें येत राहतो त्यास अधिक वांटा मिळतो, व वेगाबरोबर तो वाढतो. जेगर ह्यांनीं १९४२ सालीं ह्याचें गणित सविस्तर मांडलें.

हें ज्ञान केवळ परीक्षेपुरतें नाहीं. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ सालीं सुरू झाला. त्याची चढण सुमारें ५५० मीटर आहे. एक टन वजन वेग न वाढवितां तेवढें खालीं आणावयाचें, तर सुमारें ५४ लक्ष जूल उष्णता उत्पन्न होईल. इतक्या उष्णतेनें १६ लिटर साधें पाणी उकळीस येईल. आणि गाडीचें वजन तर शेंकडों टन! विजेचीं इंजिनें ह्यांतील बराच भार स्वतः सोसतात. परंतु जो ब्रेकांवर पडतो, तो चाक व ठोकळा ह्यांनीं वांटून घ्यावयाचा असतो. बिडाचे ठोकळे त्यांतील बराच भाग स्वतः घेत. त्यांच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं आतां संमिश्र द्रव्याचे, हलके व कमी झिजणारे ठोकळे आले आहेत. ते उष्णता फारशी ओढीत नाहींत. म्हणून ती बहुतेक सर्व चाकाकडे जाते. चाक प्रमाणाबाहेर तापलें तर त्याच्या धांवेवर चिरा पडूं शकतात. ठोकळा बदलला कीं चाकाचाहि विचार नव्यानें करावा लागतो, तो ह्यासाठीं. त्या चाकांवर शेंकडों माणसांचे प्राण विसंबून असतात.

उष्णता कोणाची भीडमुर्वत न धरतां, पदार्थाच्या गुणाप्रमाणें आपला वांटा करते. सृष्टिकर्त्यानें घालून दिलेला हा नियम बटणास जो लागू, तोच आगगाडीच्या चाकासहि. जो विद्यार्थी बांकावरील बटण पाहून, "हें तापलें, मग बांक कां नाहीं?" असें विचारील, त्याच्या हातीं उद्यां चाकांची तपासणी निर्धास्तपणें सोंपवितां येईल. पालकांनींहि घरीं मुलांच्या अशा प्रश्नांस कंटाळूं नये, अशी आमची विनंति आहे.