हैदराबादला निघण्याआधी

अगं, नोकरीसाठी हैदराबादला यायचं म्हणतेस, चांगलंच आहे. नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलं की माणूस थेट सिकंदराबादला उतरतो. पण नोकरी लागेपर्यंतच घरून आणलेले पैसे खोलीभाड्यात आणि मेसमध्ये संपतात. हुशार मुली निमूट परत जातात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून सरकारी मदत कुठे मिळते, ते आधी समजून घे.

रेल्वेभरतीची तयारी करतेस ना? आपला नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत येतो आणि त्याची भरती सिकंदराबादचं रेल्वे भरती मंडळ करतं. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना परीक्षेसाठी दुसऱ्या वर्गाचा मोफत पास मिळतो. पण तो हवा आहे, हे अर्ज भरतानाच नोंदवून जातीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. तुला लागू असेल तर संकोचानं तो रकाना सोडू नकोस. हक्काचं घेण्यात लाज कसली? सरकारी नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या बेरोजगारांना पूर्वी तिकिटात सवलत असायची, ती मात्र मार्च 2020मध्ये थांबली. तिच्या भरवशावर निघू नकोस.

घरची परिस्थिती बेताची असेल, तर दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेची चौकशी कर. ही योजना 2014 सालची. वयाची अट 15 ते 35, मुली-बायकांना 45 पर्यंत. प्रशिक्षण फुकट, निवासी केंद्र असेल तर राहणं-जेवणही. 2016च्या नियमांत नोकरी लागल्यानंतरचाही विचार आहे: स्वतःच्या जिल्ह्यात नोकरी लागली तर 2 महिने, राज्यात दुसरीकडे 3 आणि परराज्यात 6 महिने, दरमहा 1000 रुपये. नव्या शहरातले पहिले महिनेच जड जातात, तेव्हा हे पैसे कामी येतात. पंचायत समितीत 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या कक्षात जा आणि सध्या किती, कधी मिळतं ते लिहून घे.

इथे बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण तेलंगणाच्या रहिवाशांनाच. तेव्हा सुरुवातीला बसभाडं हिशेबात धर.

इथल्या अमीरपेट भागात 'नोकरी लावून देतो' म्हणत कुणी आगाऊ पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नकोस. सरकारी योजनेच्या नावावर मागितले, तरी नाही.

कागदपत्रांच्या दोन-दोन झेरॉक्स काढ, घरी सगळं सांग आणि याच आठवड्यात पंचायत समितीत जाऊन ये. गाडीचं तिकीट त्यानंतर काढ.