भूवापराचे विनियमन : हेतू व मर्यादा
शहापूरच्या संदर्भात एक विवेचन

जमीन हे असे धन आहे की, ते वाढविता येत नाही आणि एकदा बिघडले म्हणजे सहसा पूर्ववत होत नाही. आपल्या जागेत आपण काय करावे, हा मालकाचा प्रश्न खरा. परंतु एकाच्या अंगणातील धूर दुसऱ्याच्या घरात जातो आणि एकाने भर घालून अडविलेले पाणी दुसऱ्याच्या शेतात साचते. म्हणूनच कोणत्या भागात कोणता वापर असावा, हे समाजाने आधी ठरवून घेणे आवश्यक होते. यालाच भूवापराचे विनियमन म्हणतात.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. नगररचनेचा देशातील पहिला कायदा १९१५ साली मुंबई इलाख्यात झाला. न्यूयॉर्कने संपूर्ण शहरासाठी विभागवार नियम १९१६ साली केले. मुंबई राज्याने १९५४ च्या अधिनियमाने नगरपालिकांच्या विकास आराखड्यांची तरतूद केली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात आला. आज तेथे कर्नाटकाचा १९६१ चा नगर व ग्राम नियोजन अधिनियम लागू असून, महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आहे. निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती, करमणूक, शैक्षणिक व सार्वजनिक अशा वापरांची आखणी हा आराखड्याचा गाभा होय.

या विनियमनाचे प्रमुख हेतू चार आहेत. पहिला, एकमेकांस अपायकारक वापर दूर ठेवणे. दुसरा, रस्ते, पाणी व गटारे यांना पेलेल इतकीच वस्ती होऊ देणे. तिसरा, शाळा, क्रीडांगणे व दवाखाने यांसाठी जागा आधीच राखून ठेवणे. कारण वस्ती भरून गेल्यावर ती मिळत नाही. चौथा, सुपीक शेती व पाण्याचे नैसर्गिक मार्ग यांचे रक्षण करणे.

शहापुरात या हेतूंची खरी कसोटी लागते. रेल्वेमार्गाच्या दक्षिणेचे हे गाव पूर्वी सांगली संस्थानात होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि आज शहापूर बेळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. शहापूर, वडगाव व खासबाग हा विणकरांचा परिसर. येथे घर आणि कारखाना ही दोन ठिकाणे नाहीत. पुढच्या सोप्यात माग आणि मागे स्वयंपाकघर, अशी राहणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

केवळ नकाशावर रंग भरून हा भाग निवासी ठरविला आणि सर्व माग बाहेर घालविले, तर विणकराला दुसरी जागा भाड्याने घ्यावी लागेल व घरातील स्त्रियांच्या हाताचे काम जाईल. उलट, काहीच नियम नसेल, तर यंत्रमागांचा रात्रभर खडखडाट, भिंतींना बसणारे हादरे आणि रंगकामाचे सांडपाणी शेजाऱ्याने निमूटपणे सोसावे लागेल. तेव्हा नियम धंद्याच्या नावावरून नव्हे, तर त्याच्या परिणामावरून करावा. मागांची संख्या, विद्युत मोटारीची अश्वशक्ती, कामाचे तास व सांडपाण्याची व्यवस्था यांवर मर्यादा घालून घरगुती माग निवासी भागात राहू शकतो. मोठा कारखाना व रंगशाळा यांना मात्र स्वतंत्र जागाच हवी. आधी पाहणी, मग आराखडा, हे पॅट्रिक गेडिस यांनी नगररचनेला दिलेले सूत्र येथे विशेष लागू पडते.

नाल्याच्या बाबतीत मात्र अशी सवलत देता येत नाही. बळ्ळारी नाल्याच्या काठची भातशेती पावसाळ्यात वारंवार पाण्याखाली जाते. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत बेळगावच्या सखल वस्त्यांतही पाणी शिरले. भाताची खाचरे पावसाचे पाणी काही काळ धरून ठेवतात. ती भर घालून बुजविली की पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या शिवारात अथवा विणकराच्या मागाखालच्या खड्ड्यात शिरते. माग भिजला, ताणा कुजला, की त्या घराचा हंगाम बुडतो.

शेतजमिनीचा बिनशेती वापर करण्यास कर्नाटकात १९६४ च्या जमीन महसूल अधिनियमानुसार परवानगी लागते. केवळ खरेदीपत्र झाले म्हणजे बांधकामाचा हक्क मिळतो, ही समजूत चुकीची आहे. स्वस्त म्हणून घेतलेल्या विनापरवाना भूखंडावर पुढे रस्ता, गटार व नळ मिळविताना कुटुंबाची आयुष्यभराची बचत अडकून पडते. यास्तव व्यवहारापूर्वी बिनशेतीचा आदेश, भूखंडांच्या रेखांकनाची मंजुरी आणि बेळगाव नगर विकास प्राधिकरणाच्या आराखड्यात दाखविलेला वापर, ही तिन्ही तपासून पाहावीत.

आराखड्याची दर दहा वर्षांनी फेरतपासणी करण्याची तरतूद आहे. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर विहित मुदतीत सूचना व हरकती लेखी मांडता येतात. अधिकाऱ्यांनी तो नकाशा लोकांना त्यांच्या भाषेत समजावून द्यावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपल्या गल्लीतील माग, विहिरी, नाले व मोकळ्या जागांची नोंद करवून घ्यावी. नाल्याचे पाणी कोठवर चढते, हे शेतकऱ्याइतके कोणास ठाऊक असणार? ते ज्ञान मुदतीत कागदावर आले, तरच आराखडा गावाचा होईल.