टोकन, ब्राउझर आणि मधला दुभाषी

काही दिवसांपूर्वी, विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या तारखेस, एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या संचालकांचा शाखेत दूरध्वनी आला. डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन संगणकास जोडलेले, पिन पाठ. तरीही स्वाक्षरी उमटेना. टोकनच बिघडले, अशी त्यांची खात्री झाली होती.

स्वाक्षरीची गुप्त किल्ली टोकनमधील चिपमध्ये असते व ती बाहेर काढता येत नाही. दुसरीकडे, ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळास कुंपणात ठेवतो. आपल्या संगणकातील फाइली वा प्रोग्राम यांना त्याला परस्पर हात लावता येत नाही, आणि हे योग्यच आहे. मग संकेतस्थळाने टोकनपर्यंत पोहोचायचे कसे? पूर्वी हे काम जावा अ‍ॅप्लेट करीत असे. परंतु तशा प्लगइनना क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये व फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये दार बंद केले.

त्यानंतर आला दुभाषी. वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळासाठी वापरला जाणारा 'एमसाइनर' हा त्यांपैकीच एक. हा लहानसा प्रोग्राम आपल्याच संगणकावर चालतो आणि १२७.०.०.१ या पत्त्यावर निरोपाची वाट पाहतो. हा पत्ता म्हणजे आपलाच संगणक. त्यावरील निरोप यंत्राबाहेर जात नाही. ब्राउझरमधील पान स्वाक्षरीची विनंती पाठवते, दुभाषी पिन विचारतो, टोकन स्वाक्षरी करते व उत्तर त्याच वाटेने परतते.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अशा प्रोग्रामचे सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला अनोळखी वाटल्यास तो धोक्याची सूचना देतो आणि 'तरीही पुढे जा' असे करावे लागते. ही सवलत केवळ १२७.०.०.१ पुरती समजावी. बँकेच्या संकेतस्थळावर तशी सूचना दिसली, तर तत्क्षणी थांबावे व शाखेस कळवावे.

शिवाय या पत्त्यावरचे दार इतर संकेतस्थळेही ठोठावू शकतात. जुलै २०१९ मध्ये उघड झाले की, झूमने मॅक संगणकांवर ठेवलेल्या अशाच स्थानिक सर्व्हरमुळे कोणतेही संकेतस्थळ वापरकर्त्यास परस्पर बैठकीत ओढू शकत होते, कॅमेऱ्यासह! म्हणून दार कोण ठोठावते आहे, हे दुभाष्याने स्वतः तपासलेच पाहिजे. २०२५ च्या अखेरीपासून क्रोमही अशा जोडणीपूर्वी वापरकर्त्याची परवानगी विचारू लागला.

संचालकांची अडचण नेमकी तीच निघाली. परवानगीचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी नकार दिला होता. अनोळखी परवानगी देऊ नका, हे आम्हीच त्यांना वारंवार सांगितले होते. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? प्रथम संकेतस्थळाचा पत्ता अक्षरशः वाचून घेतला. मग पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर टिचकी मारून त्या एकाच संकेतस्थळासाठी परवानगी बदलली, पान पुन्हा उघडले आणि पिनची चौकट आली.

विवरणपत्र वेळेत गेले. टोकन मात्र यूएसबीतच राहिले होते. ते काढून कुलपात ठेवण्यास सांगण्याकरिता मला सायंकाळी पुन्हा दूरध्वनी करावा लागला.