पाठ १४ : औषधाचे तारतम्य

प्रस्तावना

मूल आजारी पडले, की घरातील सर्वांचा जीव टांगणीला लागतो. त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले, तर चिंता अधिकच वाढते. डॉक्टरांनी जालीम औषध द्यावे आणि मूल लवकर बरे व्हावे, असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जालीम औषध नेहमीच योग्य असते का? रुग्णालयातील बालकांना प्रतिजैविके केव्हा द्यावीत, कोणती द्यावीत आणि केव्हा थांबवावीत, याचा विचार या वैचारिक पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
* जिवाणूजन्य व विषाणूजन्य आजारांतील फरक सांगता येईल;
* प्रतिजैविकांचा निर्णय दोनदा का घ्यावा लागतो, हे स्पष्ट करता येईल;
* पालकांची जबाबदारी स्वतःच्या शब्दांत मांडता येईल.

मूळ पाठ

बंगळुरू शहरातील वाणी विलास रुग्णालय आणि इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था या शासकीय संस्थांत दूरदूरच्या गावांतून बालके उपचारांसाठी आणली जातात. अशा मोठ्या रुग्णालयात येणाऱ्या मुलाला अनेकदा आधीच कुठेतरी काही औषधे दिलेली असतात. त्याला तपासताना बालरोगतज्ज्ञांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो असा : हा आजार जिवाणूंमुळे झाला आहे, की विषाणूंमुळे?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे; कारण प्रतिजैविके जिवाणूंचा नाश करतात, विषाणूंवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. विषमज्वर हा जिवाणूजन्य आजार असल्याने त्यात प्रतिजैविक आवश्यक ठरते. डेंग्यू किंवा साधी सर्दी हे विषाणूजन्य आजार असल्याने त्यांत ते निरुपयोगी ठरते. लहान मुलांच्या साध्या पाण्यासारख्या जुलाबांतही खरा आधार असतो तो मीठ-साखरेच्या क्षारद्रावणाचा आणि जस्ताच्या गोळ्यांचा.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलीनचा शोध लावला. पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला आणि हे औषध देशातच तयार होऊ लागले. एकेकाळी प्राणघातक ठरणारे अनेक आजार त्यामुळे आटोक्यात आले. मात्र अपुऱ्या मात्रेत पेनिसिलीन घेतल्यास जिवाणू त्याला दाद देईनासे होतील, असा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनीच १९४५ मध्ये नोबेल पुरस्काराच्या वेळी दिलेल्या व्याख्यानात दिला होता.

नवजात बालकाच्या बाबतीत डॉक्टरांचे काम विशेष कठीण असते. बाळाला आपले दुखणे सांगता येत नाही. ते दूध ओढत नाही, मलूल होते, त्याचे अंग गार पडते किंवा तापते. रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची ही लक्षणे असू शकतात. पण ती इतर कारणांमुळेही दिसतात. रक्तातील जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीस ‘कल्चर’ म्हणतात. तिचा निष्कर्ष हाती येण्यास साधारणतः दोन दिवस लागतात. संसर्ग खराच असेल, तर तेवढा वेळ थांबणे बाळाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून शक्यतो रक्ताचा नमुना आधी घेऊन डॉक्टर विनाविलंब प्रतिजैविक सुरू करतात. औषधाची मात्रा मुलाच्या वजनावरून ठरवावी लागते आणि नवजात बाळाची मूत्रपिंडे पूर्ण विकसित नसल्याने दोन मात्रांमधील अंतरही काळजीपूर्वक ठरवावे लागते.

हा झाला पहिला निर्णय. तो अनुमानावर आधारलेला असतो. दुसरा निर्णय सुमारे अठ्ठेचाळीस तासांनी, तपासणीच्या निष्कर्षाच्या आधारे घ्यायचा असतो. जिवाणू आढळले नाहीत आणि बाळाची प्रकृती चांगली असेल, तर औषध थांबवता येते. विशिष्ट जिवाणू आढळला, तर नेमके त्याच्यावरच चालणारे औषध निवडता येते. हा दुसरा निर्णय घेण्यास मनाचा निग्रह लागतो. ‘औषध चालू आहे म्हणूनच बाळ बरे आहे’ असे पालकांना वाटते आणि ते बंद करताना डॉक्टरांच्या मनातही शंका डोकावते. त्यामुळे अनावश्यक औषध अनेकदा तसेच चालू राहते.

देशातील सहा रुग्णालयांत २०१६-१७ मध्ये झालेल्या एका पाहणीतून ही बाब स्पष्ट होते. तेथे दाखल असलेल्या ६८१ बालकांपैकी ४१९ बालकांना, म्हणजे शंभरांतील सुमारे एकसष्ट जणांना, जंतुनाशक औषधे दिली जात होती. त्यांपैकी बहुतेक औषधे प्रतिजैविके होती. श्वसनमार्गाच्या खालच्या भागातील संसर्गासाठी प्रथम पेनिसिलीन गटातील औषधे वापरावीत, असे राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. प्रत्यक्षात अधिक व्यापक परिणाम करणारी सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे सर्वाधिक वापरली जात होती.

यात बिघडते कोठे? ‘शरीराला औषधाची सवय होते’ असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. बदलतात ते जिवाणू. औषधाने दुबळे जिवाणू मरतात. त्याला दाद न देणारे टिकतात, वाढतात आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेपर्यंत पोहोचतात. दिल्लीतील तीन रुग्णालयांतील नवजात बालकांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळांच्या रक्तात आढळलेल्या जिवाणूंपैकी अनेक जिवाणू एकाहून अधिक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. एका मुलाला विनाकारण दिलेल्या औषधाची किंमत अशा रीतीने दुसऱ्याच मुलाला मोजावी लागते.

हा धोका ओळखून जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट केले : सर्वसामान्य वापराची, दक्षतेने वापरायची आणि राखीव ठेवायची. भारतातही १ मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक झाले. औषधाच्या वेष्टनावरील उभी लाल रेघ ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये’ हेच सुचवते.

पालकांचा वाटाही मोठा आहे. मुलाला आधी कोणती औषधे दिली, हे डॉक्टरांना चिठ्ठीसह सांगावे. औषध कशासाठी आहे, तपासणीचा निष्कर्ष केव्हा येईल आणि औषध किती दिवस द्यायचे, हे नम्रपणे विचारावे. सांगितलेले औषध मनाने बंद करू नये. उरलेले दुसऱ्या मुलाला देऊ नये. मुलाला स्पर्श करण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. आणि ‘आता या औषधाची गरज नाही’ असे डॉक्टर म्हणाले, तर उपचारांत हयगय झाली असे समजू नये. योग्य वेळी औषध थांबवणे हाही उपचारच आहे.

शब्दार्थ

तारतम्य – योग्य-अयोग्य ठरवण्याची समज
जालीम – अतिशय प्रभावी
मलूल – निस्तेज, गळून गेलेले
अनुमान – अंदाज, तर्क
निग्रह – मनाचा ठामपणा
दाद न देणे – परिणाम होऊ न देणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डेंग्यूवर प्रतिजैविक निरुपयोगी का ठरते?
(आ) वेष्टनावरील लाल रेघ काय सुचवते?

२. पहिला आणि दुसरा निर्णय यांतील फरक चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.

३. ‘जीव टांगणीला लागणे’ व ‘जिवावर बेतणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

४. ‘प्रति’ हा उपसर्ग लागलेले चार शब्द लिहा. उदा., प्रतिजैविक.

५. ‘रोगापेक्षा इलाज भयंकर’ या म्हणीचा पाठाच्या आशयाशी असलेला संबंध आठ ते दहा ओळींत लिहा.