मन वाचण्याचा कोर्स नको

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे पालकांचा एकच प्रश्न येतो : "सर, मुलीला फॉरेन्सिक सायकॉलॉजी करायचंय. सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स आहे, फी भरून टाकू का?"

भरू नका. गुन्हेगाराचं मन वाचून खटला सोडवणारी नोकरी वेबसीरिजमध्ये असते.

पुणेकरांनी तरी या मोहात पडू नये. 2008 मध्ये इथल्याच सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषी ठरवताना आरोपीच्या मेंदूतल्या विद्युतलहरींची चाचणीही पुराव्यात धरली. त्या चाचणीच्या विश्वासार्हतेवर देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी शंका घेतली. पुढे 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या करायला मनाई केली.

खरं काम यापेक्षा साधं दिसतं आणि फार अवघड असतं. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात मुलाच्या ताब्यावरून भांडणारी जोडपी रोज येतात. सात वर्षांच्या पोराला "आई हवी की बाबा?" असं विचारणं हे क्रौर्य आहे. जाणता समुपदेशक विचारतो, डबा कोण भरतं, ताप आला की रात्री कोण जागतं, शाळेच्या डायरीवर सही कुणाची असते. 1974 मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी दाखवलं, की प्रश्नातलं एक क्रियापद बदललं तरी अपघाताची फिल्म पाहिलेली माणसं गाड्यांचा वेग वेगळा सांगतात. मोठ्यांची ही गत, मग घाबरलेल्या मुलाचं काय? फॉरेन्सिक सायकॉलॉजी म्हणजे नात्यांचा आणि न्यायनिवाड्याचा असा अभ्यास.

या कामाचं दुसरं उदाहरण हवं तर बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 15 वाचा. अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या 16 ते 18 वयाच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, हे ठरण्याआधी त्याची मानसिक क्षमता आणि परिणामांची जाण तपासावी लागते. ही तपासणी करणाऱ्या बाल न्याय मंडळात त्या विषयाचा जाणकार सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलं. अल्पवयीन मुलगा आरोपी असलेल्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर हा विषय पुण्यात घरोघरी निघाला. पण अशा तपासणीत मदत करणारा तज्ज्ञ काय शिकलेला असतो, हे मला एकाही पालकाने विचारलं नाही.

वाट सरळ आहे : मानसशास्त्रात बीए, एमए, मग हवं तर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी. संख्याशास्त्राला घाबरून पळू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती ऑनलाइन प्रमाणपत्रावर मिळत नाही. आणि मराठी पक्की हवी. जुन्नरहून आलेली बाई रडत रडत जे सांगते ते तिच्याच बोलीत कळलं पाहिजे.

आता पालकांसाठी. माझ्यासमोर मुलगी बसलेली असते आणि तिची सगळी उत्तरं वडील देतात. जिला घरात एक वाक्य पुरं बोलू देत नाहीत, तिला दुसऱ्याचं ऐकून घेणं कोण शिकवणार? पुढच्या भेटीला बाबांनी बाहेर बसावं.