डर्बनमधला एक दिवस, तिथल्या मित्रांबरोबर

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला गेलेला पाहुणा बहुधा किनाऱ्यावरच्या हॉटेलात उतरतो, दोन दिवस समुद्र बघतो आणि निघतो. तिथे तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर असं करू नका. हे शहर कळतं ते वॉरिक जंक्शनच्या बाजारात आणि इनांडाच्या टेकड्यांवर. या दोन्ही ठिकाणी सोबत स्थानिक माणूस हवाच. सुरक्षिततेसाठी हवा, आणि त्याहून अधिक बोलणं सुरू करून देण्यासाठी.

आदल्या दिवशी. शनिवार ठरवा, रविवारी जुन्या बाजारपेठेत बरंच बंद असतं. शक्य असेल तर दोघांना बोलवा, एक भारतीय वंशाचा मित्र आणि एक झुलू बोलणारा. कार्यक्रम त्यांच्याशी बसून ठरवा. इनांडातली ओशलांगे ही चालू शाळा आहे, त्यामुळे तिथे आत जाण्याबद्दल त्यांनाच आधी विचारून ठेवायला सांगा. सुट्टे रँड, पाणी आणि चालायचे बूट घ्या. दागिने खोलीवर ठेवा, फोन आतल्या खिशात.

पहाटे. सूर्य इथे समुद्रातून वर येतो. कोकणात तो समुद्रात बुडताना पाहिलेल्यांनी एवढ्यासाठी तरी लवकर उठावं. पाण्यात उतरायचं तर जीवरक्षकांनी लावलेल्या झेंड्यांच्या मधेच. अर्धा तास पुरे.

सकाळी वॉरिक जंक्शन. रेल्वे स्थानक, बस आणि मिनीबस टॅक्सींचे थांबे, आणि त्यांना चिकटून उभे राहिलेले बाजार. भाजीचा ‘अर्ली मॉर्निंग मार्केट’ 1910 पासूनचा. तिथून जडीबुटीच्या बाजाराकडे वर चढा. हा बाजार अर्धवट राहिलेल्या महामार्गाच्या पुलावर भरतो. मुळ्या, साली, कंद यांचे ढीग, आणि ‘इम्फेफो’च्या वाळलेल्या जुड्या. पूर्वजांशी बोलायचं असेल तेव्हा झुलू घरांत त्याचा धूर करतात. इथे घाई करू नका. आधी ‘सानिबोनानी’ म्हणा, वडीलधाऱ्या बाईला ‘मामा’, पुरुषाला ‘बाबा’. पैसे उजव्या हाताने द्या आणि डावा हात उजव्या हाताच्या कोपराजवळ टेकवा. वस्तू घेतानाही तसंच. एवढ्याने समोरच्या बाईचा चेहरा खुलतो आणि ती स्वतःहून मुळीचा उपयोग सांगू लागते. मित्राला दुभाष्या करा. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. नको म्हटलं तर आग्रह करू नका.

जवळच व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केट आहे. जुनी इमारत 1973 मध्ये जळाली, आताची नंतरची. तिथल्या लालभडक मसाल्यांना सासूच्या नावाने नावं दिलेली दिसतील. थोडा मसाला जरूर घ्या, पण आधी मित्राला वास घेऊ द्या. ताजा कोणता ते त्याला कळतं.

दुपारी बनी चाऊ. पावाचा चौकोनी लोफ आडवा कापून आतला मऊ भाग काढतात आणि पोकळीत रस्सा ओततात. एकट्याला ‘क्वार्टर’ पुरतो. मटणाचा प्रसिद्ध, शाकाहारी असाल तर शुगर बीन्सचा मागवा, तो कमअस्सल मुळीच नाही. काटा-चमचा मागू नका. वर ठेवलेला मऊ पाव तोडून रश्श्यात बुडवायचा, मग कडा वरून खाली तोडत जायचं. खालची बाजू आधी फोडली तर रस्सा सगळा ताटलीत. इथल्या भारतीयांच्या या जेवणामागे मोठा इतिहास आहे. 16 नोव्हेंबर 1860 रोजी मद्रासहून ‘ट्रुरो’ जहाज इथे लागलं आणि करारावर आणलेले मजूर तेव्हाच्या नाताळ वसाहतीतल्या उसाच्या मळ्यांत गेले. जेवताना भारतीय वंशाच्या मित्राला त्याच्या घराण्याबद्दल विचारा.

जेवणानंतर इनांडा. शहरापासून साधारण 25 किलोमीटर, मित्राच्याच गाडीने. आधी फिनिक्स आश्रम. गांधीजींनी 1904 मध्ये ही जमीन घेतली आणि ‘इंडियन ओपिनियन’चा छापखाना इथे आणला. त्यांचं ‘सर्वोदय’ हे घर 1985 च्या दंगलीत जळालं. आज दिसतं ते पुन्हा बांधलेलं. भोवती दाट वस्ती आहे, तीही पाहा. ती टाळून नुसत्या घराचं दर्शन घेणं मला पटत नाही.

मग ओशलांगे. ही शाळा जॉन दुबे यांनी काढली. पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. 27 एप्रिल 1994 रोजी मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत इथेच दिलं आणि दुबेंच्या समाधीपाशी जाऊन देश स्वतंत्र झाल्याचं त्यांना सांगितलं. मराठी माणसाने इथे आणखी एक आठवण ठेवावी: नोव्हेंबर 1912 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दुबेंना भेटायला या शाळेत आले होते. करारमुक्त मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द व्हावा म्हणून ते दक्षिण आफ्रिकेच्या त्या दौऱ्यात झटत होते. हे झुलू मित्राला अवश्य सांगा.

परतताना वेळ सांभाळा. जून-जुलैत हवा सुखाची असते, पण सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून चारपर्यंत इनांडा सोडा. उजेड उरला तर किनाऱ्यावरच्या फरसबंद रस्त्याने एक फेरी मारा. दिवसभराचं पेट्रोल आणि जेवण तुमच्याकडे. मित्र नको म्हणतील, तरी ऐकू नका.