ओरडू नका, आधी १९३० लावा

बँकेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातली मोबाइलची अडलेली कामं माझ्याकडे येतात. कुणी पासवर्ड विसरलेलं असतं, कुणाला नातवाचे फोटो उघडत नाहीत. फसवणुकीची प्रकरणंही येतात, पण बहुतेक उशिरा येतात. त्या उशिराबद्दलच चार शब्द.

आमच्या गल्लीतल्या अप्पांना एका संध्याकाळी मेसेज आला. मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब अधिकाऱ्याशी संपर्क करा. खाली मोबाइल नंबर. अप्पा मुदतीच्या आत बिल भरणारे. पण काकूंचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, त्यामुळे त्यांनी घाबरून फोन लावला. पलीकडचा माणूस अदबीने बोलला. “बिल भरलंय काका, फक्त नोंद राहिलीय. एक ॲप घ्या आणि दहा रुपये भरा, लगेच होईल.” अप्पांनी ॲप घेतलं, त्याने पाठवलेल्या लिंकवर कार्डाचे आकडे टाकले. फोन ठेवेपर्यंत खातं जवळजवळ रिकामं झालं होतं.

“मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही हो,” अप्पा मला परत परत सांगत होते, आणि ते खरं होतं. ते ॲप आपल्या फोनचा स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं होतं. अप्पांना आलेला ओटीपी त्या माणसाने बसल्या जागी वाचला. सांगायची गरजच पडली नाही.

त्यानंतर दोन दिवस अप्पा गप्प राहिले. मागे कधीतरी चुकीचं रिचार्ज झालं तेव्हा पुण्याचा मुलगा चिडून म्हणाला होता, “कळत नाही तर हात कशाला लावता?” ते त्यांच्या मनात घर करून होतं. काकूंनासुद्धा त्यांनी पत्ता लागू दिला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले, तेही “जरा बिल बघून द्या” म्हणत.

चोरलेले पैसे एका जागी थांबत नाहीत. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून ते पुढे सरकत जातात आणि शेवटी रोखीने काढले जातात. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदली की त्या साखळीतल्या बँकांना कळवलं जातं आणि वाटेत सापडेल ती रक्कम गोठवली जाते. आमची तक्रार गेली तेव्हा फारच थोडी रक्कम हाती लागण्यासारखी उरली होती. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकातही उशिराबद्दल हेच सांगितलं होतं. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं; कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून मिनिटामिनिटाला किंमत आहे.

असा मेसेज आला तर आधी तो कुठून आला ते पाहा. महावितरणचे मेसेज एमएसईडीसीएल या नावाने येतात, कुणाच्या दहा आकडी नंबरवरून नाही. शिवाय वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. “आज रात्री तोडतो” म्हणणारा भामटाच समजा. फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कुठलंही ॲप घेऊ नका, मग तो वीज मंडळाचा म्हणो, बँकेचा म्हणो की पोलिसांचा.

पैसे गेलेच, तर फोनचं इंटरनेट लगेच बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड आणि खातं बंद करायला सांगा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे असतो; गुगलवर शोधू नका, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. त्याच दमात १९३० लावा. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. आलेले मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे. आणि नंतर कुणी “तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा” म्हणालं, तर ती दुसरी फसवणूक.

घरातल्या मुलासुनांना मात्र वेगळं सांगायचं आहे. आईवडिलांकडून ॲपची नावं पाठ करून घेण्याआधी त्यांना एवढं एकदा तोंडाने सांगा : “काही गडबड झाली तर आधी मला फोन करा, मी चिडणार नाही.” आणि तो फोन आला की खरोखरच चिडू नका. “कसं काय फसलात?” हा प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारता येईल. १९३० हा नंबर आजच मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या फोनच्या कव्हरवर चिकटवा.